घरगुती अडचण

सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
टाइपरायटर घेऊन बसलेले पगारेकाका विचारतात,
"एका वर्षाचा गॅप. कारण काय टाकू?"

इंजिनिअरिंग सोडलं, मी म्हणते.
"ते झालं. कारण?"

मग मी सांगायला लागते,
आडगावच्या वर्कशॉपमध्ये कानस मारत होते,
खिडकीबाहेर एक बाई द्राक्षांच्या पेट्या मोजत होती.
पंधरानंतर ती सोळा म्हणायची नाही,
पंधरा न् एक म्हणायची,
पंधरा न् दोन, पंधरा न् तीन,
आणि मी दुपारभर त्या "न्"च्या मागे गेले,
जॉब दोन मिलिमीटरने जास्त घासला गेला.

काकांची बोटं तशीच हवेत.
"पोरी, दोनच कारणं चालतात.
आजारपण, नाहीतर घरगुती अडचण."
मागचा माणूस रेशनकार्डाने वारा घेत खाकरतो.
टाका घरगुती.

"सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की,"
माझ्या साहित्याच्या अभ्यासातलं
हे पहिलं वाक्य,
आणि ते खोटं.

संध्याकाळी अण्णा स्टँप पेपर ट्यूबलाइटसमोर धरतात.
जलचिन्ह बघतात, कड बोटाने चाचपतात,
"आपल्याकडचाच," म्हणतात, खाली ठेवतात.
मजकूर वाचत नाहीत.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं.
सुटताना रोज झडती,
डबा उघडा, रुमाल झटका, बूट काढा.
तीस वर्षांत कागदाचा कपटा
त्यांच्यासोबत गेटबाहेर आला नाही.
म्हणून की काय, जेलरोडच्या आमच्या दोन खोल्यांत
कागद असा नव्हताच फारसा.
भिंतीवर दिनदर्शिका. दुधाच्या हिशेबाची वही.
माझ्या शाळेची पुस्तकं, जी जूनमध्ये यायची
आणि एप्रिलमध्ये खालच्या मजल्यावर जायची.

आता विभागाने अकरा पुस्तकांची यादी दिलीय.
चार मिळाली, मेनरोडच्या मागे, निम्म्या किमतीत.
निलोफरच्या बहिणीने तिच्या नोट्स दिल्या,
जांभळ्या पेनाने सगळ्याच ओळींखाली रेघा.
एका पानावर एकच ओळ सुटलेली.
मी आधी तीच वाचली.

सिन्नरची आत्या फोनवर,
"मराठी घेतलंस? पण ते तर येतंच की तुला!"
मी हो म्हटलं,
आणि रात्रभर त्या "येतंच"वर कूस बदलत राहिले.
येतं, तर मग सांग,
सोळा आणि पंधरा न् एक
यांत फरक किती?

आईने पितळी डब्यांची फळी रिकामी करून दिली.
पुसली दोनदा, तरी हिंगाचा वास.
चार पुस्तकं तिथे तिरकी पडतात, आधार नाही,
म्हणून बाजूला साखरेचा डबा
सध्या तसाच ठेवलाय.

अण्णा जेवून उठलेले,
उद्याच्या डब्याचं झाकण पुसत विचारतात,
"लायब्ररीतून घरी न्यायला देतात?"
दोन. पंधरा दिवस.
"आणि गेटवर?"
गेटवर काय?
"बघत नाही कुणी?"
नाही बघत.
"पिशवीत घालून सरळ बाहेर?"
सरळ बाहेर.

ते बराच वेळ काही बोलत नाहीत.
मग चष्मा लावून तो कागद पुन्हा घेतात,
या वेळी आडवा, मांडीवर,
एकेका शब्दाखाली बोट सरकवत.
एका जागी बोट थांबतं.

"घरात कसली अडचण होती?"

आवाजात राग नाही. खरंच विचारतायत.
आतून आई म्हणते, लाइट बंद करा आता,
तिला सकाळची बस आहे.
अण्णा हलत नाहीत, झाकण हातात तसंच,
आणि मी सुरू करते,
खिडकीबाहेर एक बाई होती, अण्णा,
पेट्या मोजत होती.